बारा आणे फरक, पण कशात?

“आता कसं वाटतंय?” असं संधिवाताच्या जुन्या रुग्णाला विचारलं की आपल्याकडे एक ठरावीक उत्तर येतं. “डॉक्टर, आठ आणे फरक आहे.” कुणाला बारा आणे असतो. फारच आराम पडला असेल, तर “चौदा आणे बरं आहे, दोन आणे राहिलंय.” दशमान नाणी देशात १९५७ साली आली आणि आणे व्यवहारातून केव्हाच गेले. दुखणं मोजायला मात्र ते अजून चालतात. ज्यांनी आणा कधी हातात धरला नाही, अशी माणसंही याच हिशेबाने बोलतात.

या उत्तराला हसण्याचं कारण नाही. शून्य ते सोळा अशी ही एक मोजपट्टीच आहे आणि ती रुग्णाने स्वतःच्या अनुभवावर लावलेली आहे. प्रश्न एवढाच, की ही पट्टी कितपत भरवशाची? आजचे बारा आणे आणि तीन महिन्यांपूर्वीचे बारा आणे सारखेच का? आणि फरक पडला तो नेमका कशात पडला?

समजा, पंचावन्न वर्षांच्या एक बाई तपासणीला आल्या आहेत. हातांच्या सांध्यांना जुना संधिवात. “बारा आणे फरक आहे,” त्या सांगतात. रक्ताचा अहवालही आधीपेक्षा बरा आहे. औषध तेच चालू ठेवायचं ठरतं. एवढ्यात सोबत आलेली मुलगी म्हणते, “आई चार महिने स्वयंपाकघरात काही करतच नाही. कणीक वहिनी मळते, कुकर दादा उघडतो, वेणी नात घालून देते.” बाईंचं दुखणं कमी झालंय हे खोटं नाही. पण ज्यानं दुखेल असं कुठलंच काम त्या करत नाहीत, म्हणून ते कमी झालंय. त्यांनी सांगितलेला आकडा बरोबर होता. चुकला तो प्रश्न. आणि त्या चुकीच्या प्रश्नावर पुढच्या तीन महिन्यांचं औषध ठरणार होतं.

हा प्रश्न बरोबर कसा विचारायचा, यावर संधिवातशास्त्रात गेली काही दशकं चिकाटीनं काम चाललं आहे. त्यातून तयार झालेल्या प्रश्नावल्या आज रक्ततपासणीइतक्याच महत्त्वाच्या मानल्या जातात.

यंत्राला न दिसणारी गोष्ट

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटांचे, मनगटाचे, पावलांचे सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर बराच वेळ आखडलेले राहतात आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर हाड कुरतडलं जाऊन सांधे वाकडे होतात. यातली सूज डॉक्टरांच्या बोटांना कळते. शरीरातला दाह ईएसआर आणि सीआरपी या रक्ततपासण्यांत दिसतो. हाडाची झीज एक्स-रेमध्ये दिसते, तीही बरीच उशिरा. पण बाईंना साडीच्या निऱ्या खोचता येतात का, भरलेला पेला तोंडाशी नेता येतो का, हे यापैकी कशातूनच कळत नाही. ते फक्त रुग्णाला माहीत असतं.

डॉक्टरांनी हे मोजायचा प्रयत्न पूर्वीही केला होता. अमेरिकेतले ओटो स्टाइनब्रोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली रुग्णांचे चार वर्ग पाडले. सगळी कामं करू शकणारा पहिल्या वर्गात, अंथरुणाला किंवा खुर्चीला खिळलेला चौथ्यात. पद्धत सोपी होती आणि वर्षानुवर्षं वापरली गेली. पण ती फार ठोकळ होती. वर्ग ठरवणार डॉक्टर आणि एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला रुग्णात फार मोठा बदल व्हावा लागे. दरम्यानची सुधारणा किंवा घसरण नोंदलीच जात नसे.

१९८० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातले डॉ. जेम्स फ्राइज आणि सहकाऱ्यांनी ‘हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर’, म्हणजे एचएक्यू ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यातला रोजच्या कामांचा भाग सर्वाधिक वापरला जातो. कपडे घालणं, उठणं, जेवणं, चालणं, अंघोळ-शौच, वरची वस्तू काढणं, पकड आणि घरकाम-बाजारहाट अशा आठ गटांत मिळून वीस प्रश्न. गेल्या आठवड्यात हे काम करताना काहीच त्रास झाला नसेल तर शून्य, थोडा झाला तर एक, खूप झाला तर दोन, जमलंच नाही तर तीन. प्रत्येक गटातला सर्वात वाईट आकडा घ्यायचा. एखाद्या गटातलं काम काठीच्या किंवा माणसाच्या मदतीनं होत असेल, तर त्या गटाचा आकडा किमान दोन धरायचा. मग आठांची सरासरी काढायची.

उदाहरणार्थ, आठ गटांत २, १, ०, १, २, २, १, ० असे आकडे आले, तर बेरीज नऊ आणि सरासरी १.१२५. साधारणपणे एकपर्यंतचा आकडा सौम्य ते मध्यम अडचण दाखवतो, एक ते दोन मध्यम ते गंभीर, आणि दोनच्या पुढे फारच गंभीर. मदतीचा तो नियम लक्षात घ्या. वर सांगितलेल्या बाईंचं गुपित याच नियमानं फोडलं असतं.

कागदावरच्या वीस प्रश्नांना एवढं महत्त्व का द्यायचं? अमेरिकेतले डॉ. थिओडोर पिंकस आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली ७५ रुग्णांचा नऊ वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. ज्यांना रोजची कामं सुरुवातीलाच फार जड जात होती, त्यांच्यात पुढे मृत्यूचं प्रमाणही जास्त आढळलं. संधिवातानं माणूस मरत नाही, असं तोवर बऱ्याच जणांना वाटे. बटण लावायला लागणारा वेळ आणि चालण्याचा वेग यांनी तो समज हलवला.

१९९५ साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीनं नव्या औषधांचा गुण ठरवण्यासाठी निकष जाहीर केले. सुजलेल्या आणि दुखऱ्या सांध्यांच्या संख्येत किमान २० टक्के सुधारणा हवी. शिवाय आणखी पाच गोष्टींपैकी तिघांत तेवढीच. त्या पाचांपैकी वेदना, आजाराबद्दलचं एकूण मत आणि कार्यक्षमता या तीन रुग्णानं सांगायच्या आहेत. आज संधिवातावर जी महागडी जैविक औषधं दिली जातात, त्यांच्या चाचण्यांमध्ये रुग्णाच्या तोंडच्या उत्तराला असं थेट वजन आहे.

बाथटब आणि दुधाचा खोका

मग ही प्रश्नावली मराठीत आणायला काय लागतं? शब्दकोश आणि एक दुपार, असं वाटू शकतं. मूळ प्रश्नांकडे पाहिलं की अडचण कळते. बाथटबमध्ये बसून अंघोळ करता येते का? दुधाचा नवा खोका उघडता येतो का? बुटांच्या नाड्या बांधता येतात का? मांस कापता येतं का? व्हॅक्यूम क्लीनर फिरवता येतो का? याचं निर्दोष मराठी भाषांतर करून ते पुरंदरच्या शेतकऱ्यासमोर ठेवलं, तर निम्म्या प्रश्नांना “आमच्याकडे नाही” हेच खरं उत्तर ठरेल. उलट आपला माणूस दिवसभर ज्या गोष्टी करतो, त्यांचा त्यात मागमूस नाही. मांडी घालून जेवायला बसणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीच्या शौचालयातून हाताचा आधार न घेता उठणं. गुडघे, घोटे आणि खुबे यांची खरी परीक्षा तिथे होते.

दिल्लीतले डॉ. अशोक कुमार, डॉ. ए. एन. मालवीय आणि सहकाऱ्यांनी २००२ साली एचएक्यूची भारतीय आवृत्ती तपासून प्रसिद्ध केली. तिच्यात बारा प्रश्न आहेत. कपड्यांच्या प्रश्नात साडी, सलवार, धोतर आलं. शौचाला उकिडवं बसणं किंवा जमिनीवर मांडी घालणं आलं. मोटारीच्या जोडीला रिक्षात चढणं-उतरणं आलं. नऊ प्रश्न साध्या हालचालींचे, तर तीन त्याहून अवघड: तीन किलोमीटर चालणं, मंडईत भाजी आणणं आणि जिना चढणं. हे तीन महत्त्वाचे आहेत, कारण सौम्य आजार असलेला रुग्ण साध्या प्रश्नांत शून्यच मिळवतो. त्याची अडचण जिन्यापाशी कळते.

महाराष्ट्राचा या कामाशी जुना संबंध आहे. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. या पद्धतीत पहिली पायरीच प्रश्नावलीची असते. प्रशिक्षित आरोग्यसेवक दारात जाऊन कुठे दुखतं, किती दुखतं, कुठली कामं अडतात ते विचारतात आणि मग डॉक्टर तपासतात. भिगवणच्या प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू, पाठ-कंबर यांची दुखणी होती. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस दर दोनशे प्रौढांमागे साधारण एकाला होता. या पाहणीचा पाया रक्ततपासणीनं नव्हे, तर दारात उभं राहून मराठीत विचारलेल्या प्रश्नांनी घातला.

‘करता का’ आणि ‘करता येतं का’

अशा रूपांतराची पद्धत आता ठरलेली आहे. दोन अनुवादक स्वतंत्रपणे भाषांतर करतात. दोन्ही मिळून एक मसुदा होतो. मूळ प्रश्नावली न पाहिलेली माणसं तो मसुदा पुन्हा मूळ भाषेत नेतात. मग डॉक्टर, भाषेचे जाणकार आणि अनुवादक एकत्र बसून फरक तपासतात. शेवटी तीस-चाळीस रुग्णांना प्रश्न विचारून “तुम्हाला यातून काय समजलं?” असंही विचारलं जातं. ही शेवटची पायरी सर्वात मोलाची. कारण शब्दाला शब्द ठेवलेलं अवघड मराठी मूळ भाषेत फार सुरेख परततं. पण म्हणून ते रुग्णाला कळतंच असं नाही.

मराठीत प्रश्न करताना कुठे कुठे ठेच लागू शकते, ते पाहा. “तुम्ही पाणी भरता का?” असं विचारलं, तर उत्तर “नाही, सून भरते” असं येईल. यात बाईंच्या मनगटाबद्दल काहीच कळलं नाही. घरातली कामाची वाटणी तेवढी कळली. “भरता येतं का?” हा वेगळा प्रश्न आहे. स्वयंपाक कधीच न केलेल्या आजोबांना कणीक मळण्याबद्दल विचारलं तर तेच होईल.

“गेल्या आठवड्यात” म्हणजे सोमवार ते रविवार, की आजपासून मागचे सात दिवस? “त्रासाशिवाय जमतं का?” याला नुसतं “नाही” म्हटलं तर त्याचा अर्थ जमत नाही, की जमतं पण त्रास होतो? दुखतं, ठणकतं, कळ येते, आखडतं, अवघडतं हे शब्द सारखे नाहीत. सकाळी सांधे आखडतात का, या प्रश्नाला दुखतात का या अर्थानं उत्तर मिळालं, तर निदानाचा धागा सुटतो. शिवाय आपल्याकडे तक्रार कमी करून सांगण्याची रीत आहे. “थोडं दुखतं” म्हणणारी बाई रात्रभर जागी असू शकते.

तराजू तपासायचा कसा?

भाषा जमली तरी काम संपत नाही. किराणा दुकानातला तराजू जसा तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, तशी प्रश्नावलीही तपासून घ्यावी लागते. या तपासणीचे मुख्य तीन भाग.

पहिला, भरवसा. आजार स्थिर असताना तोच रुग्ण काही दिवसांनी पुन्हा प्रश्नावली भरतो. उत्तरं जवळपास तीच यायला हवीत. मधलं अंतर फार कमी ठेवलं तर तो जुनी उत्तरं आठवून लिहितो, फार जास्त ठेवलं तर आजारच बदलतो. म्हणून एक ते दोन आठवडे हे अंतर बहुतेक वेळा निवडलं जातं. सगळे प्रश्न एकाच गोष्टीकडे बोट दाखवतात का, हेही पाहतात. त्यासाठी ली क्रोनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला ‘अल्फा’ हा आकडा वापरतात. तो ०.७च्या वर असला तर चालतं. पण फारच एकच्या जवळ गेला, तर आपण एकच प्रश्न शब्द बदलून विचारतोय, अशी शंका घ्यावी लागते.

दुसरा, खरेपणा. जे मोजायचं ठरवलं तेच मोजलं जातंय का? कार्यक्षमतेचा आकडा वाईट असलेल्या रुग्णाची पकडही कमकुवत असायला हवी, चालायलाही जास्त वेळ लागायला हवा. पकड तपासायला दवाखान्यात एक साधी युक्ती वापरतात. रक्तदाबाच्या यंत्राची पट्टी गुंडाळून थोडी फुगवायची, रुग्णाला मुठीत दाबायला सांगायची आणि पारा किती चढतो ते पाहायचं. कागदावरची उत्तरं आणि ही मूठ यांचा मेळ बसला, तर प्रश्नावलीवर विश्वास बसतो. मेळ पूर्ण बसावा अशी मात्र अपेक्षा नसते. मूठ सांगते ती सकाळी अकरा वाजता, गोळी घेतल्यावर दवाखान्यात काय जमलं ते. प्रश्नावली सांगते गेला आठवडा घरात कसा गेला ते.

तिसरा, संवेदनशीलता. रुग्ण बरा झाला तर आकडा हलतो का? आणि किती हलला तर तो फरक रुग्णाला खरोखर जाणवतो? एचएक्यूमध्ये साधारण ०.२२ एवढा बदल अर्थपूर्ण धरला जातो. आठ गटांपैकी एका गटात एक पायरी सुधारली तर सरासरी ०.१२५नं उतरते. म्हणजे दोन गटांत एकेक पायरी, उदाहरणार्थ कपडे घालणं आणि जिना चढणं ‘खूप त्रास’वरून ‘थोडा त्रास’वर आलं, की ०.२५ होतात आणि ती रेषा ओलांडली जाते. सांख्यिकीच्या भाषेत हा चिमूटभर बदल आहे. त्या रुग्णासाठी तो स्वतःचे कपडे स्वतः घालण्याइतका मोठा आहे.

आकड्यालाही मर्यादा

या आकड्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. कामं अडण्याचं कारण चालू असलेला दाह असू शकतो किंवा पूर्वीच झिजलेला सांधा. पहिला औषधानं उतरतो, दुसरा उतरत नाही. आकडा मात्र दोघांना एकाच मापानं मोजतो. म्हणूनच आजाराच्या पहिल्या काही महिन्यांत हा आकडा वाईट आला, तरी तो बराचसा परत मिळवता येतो. वर्षं गेली की ती संधी कमी होते. वय, नैराश्य, झोप, सोबतचे इतर आजार यांचाही परिणाम उत्तरांवर होतो.

शिवाय एका आजाराची प्रश्नावली दुसऱ्याला चालत नाही. गुडघे-खुब्याच्या झिजेसाठी कॅनडातल्या डॉ. निकोलस बेलामी यांनी घडवलेली ‘वोमॅक’ आहे. तिच्यातले २४ प्रश्न वेदना, आखडणं आणि कामं अशा तीन भागांत विभागलेले आहेत. पाठीचा कणा आखडणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिससाठी १९९४ साली आलेली दहा प्रश्नांची ‘बॅस्फी’ आहे.

आणि उत्तर कोण देतंय, हे तर सर्वात महत्त्वाचं. लिहिता-वाचता न येणाऱ्या रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावे लागतात. मग नवरा शेजारून सांगतो, “तिला काही त्रास नाही, सगळं करते.” प्रश्नावली कितीही तपासलेली असो, तिथे ती हरते.

तपासणीला जाण्यापूर्वी

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला संधिवात असेल, तर यातून थेट वापरण्यासारखं बरंच आहे. तपासणीला जाण्याच्या आदल्या दिवशी पाच मिनिटं काढा. मागच्या सात दिवसांचा विचार करा. पेहराव, अंघोळ, शौचाला बसणं-उठणं, मांडी घालणं, कणीक मळणं, कपडे पिळणं, कुकरचं झाकण, नळ, जिना, एसटीची पायरी अशी रोजची दहा-बारा कामं कागदावर लिहा. प्रत्येकापुढे सहज, थोडा त्रास, खूप त्रास किंवा जमत नाही, यांपैकी एक लिहा. कुणी मदत केली असेल, तर तेही लिहा. जे काम दुखतं म्हणून सोडून दिलं, त्यावर खूण करा. कागद जपून ठेवा आणि पुढच्या वेळी तीच कामं, त्याच शब्दांत लिहा. ही काही शास्त्रानं तपासलेली प्रश्नावली नव्हे. पण डॉक्टरांना “बरं आहे” या दोन शब्दांपेक्षा तिच्यातून नक्कीच जास्त कळेल. दवाखान्यात छापील प्रश्नावली हातात आली, तर ती उपचाराचा भाग आहे असं समजून स्वतः भरा. आईची असेल, तर आईला बोलू द्या.

आणि ज्यांना अजून निदान झालेलं नाही, त्यांच्यासाठी एक गोष्ट. हाताच्या किंवा पायाच्या लहान सांध्यांना सूज, सकाळी अर्ध्या-एक तासाहून जास्त आखडणं आणि हे सहा आठवडे टिकून असेल, तर वय झालं म्हणून अंगावर काढू नका. संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

आण्यांत उत्तर द्यायला हरकत नाही. फक्त “बारा आणे फरक आहे” म्हटल्यावर उरलेले चार आणे कुठल्या कामात अडकलेत, तेही सांगा. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी सांगा.